लॅम्डावर लॉगची फाइल उघडत नाही: लॉगर पडतो आणि खरी चूक झाकली जाते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी तुम्ही नोडमध्ये (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) फंक्शन लिहिलंय. हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, तयार करायची आणि ती पीडीएफ त्याच्या मोबाइलवर पाठवायची. लॅपटॉपवर सगळं नीट चालतं. लॅम्डावर, म्हणजे हवा तेव्हा कोड चालवणाऱ्या अमेझॉनच्या सेवेवर, चढवलं की पहिल्याच कॉलला ‘ईआरओएफएस, रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असा एरर येतो. विन्स्टन हा तुमचा लॉगर, म्हणजे कामाच्या नोंदी (लॉग) लिहिणारी लायब्ररी. त्याचा फाइल ट्रान्सपोर्ट, म्हणजे नोंदी फाइलमध्ये टाकणारा भाग, कोडच्या शेजारी ‘लॉग्ज’ नावाचं फोल्डर करायला जातो आणि तिथेच पडतो. एकाने सांगितलं, फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची, परवानगी द्या. त्याने काही झालं नाही. दुसऱ्याने सांगितलं, पाथ बदलून टीएमपी, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर, करा. त्याने एरर गेला, पण लॉग कुठे गेले ते सापडत नाही, आणि पट्टी अजूनही शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही.

मी सांगलीतच, विश्रामबागला बसून, अडत दुकानं, शीतगृहं आणि पतसंस्था यांची सॉफ्टवेअर सांभाळतो. गेली सहा-सात वर्षं त्यातलं बरंचसं काम सर्व्हरलेसवर, म्हणजे लॅम्डासारख्या सेवांवर, आहे, आणि तुमचा हा एरर मी वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या वेळी भोगलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फाइल कुठे लिहायची हा इथला लहान प्रश्न आहे. लॉग लिहिणं हे दुय्यम काम. ते फसलं म्हणून पट्टी पाठवायचं मुख्य काम का बंद पडावं, हा मोठा प्रश्न. आणि त्याच्याही पोटात आणखी एक आहे: लॉगर कोणती चूक नोंदवायला निघाला होता? ती तुम्हाला अजून दिसलेलीच नाही. टीएमपी केल्यावर एरर गेला असं तुम्ही म्हणता, पण पट्टी जात नाही म्हणजे आत दुसरं काहीतरी अडलंय, आणि त्याची नोंद आता अशा ठिकाणी पडते आहे जिथे तुमचा हात पोचत नाही.

७७७ का चाललं नाही ते आधी. लिनक्सचे दोन एरर दिसायला भाऊ-भाऊ आहेत. क्रमांक १३ म्हणजे परवानगी नाही: डिस्कवर लिहिता येतं, पण तुमच्या युजरला हक्क नाही. तिथे परवानगी बदलून भागतं. क्रमांक ३० म्हणजे ईआरओएफएस. इथे अख्खी फाइल सिस्टिमच फक्त वाचण्यासाठी माउंट केलेली असते. रूट युजर आला तरी त्याला लिहिता येत नाही. परवानगी बदलायची आज्ञा तिथे जाऊन दिलीत तर तीही याच क्रमांकाने परत येते, कारण परवानगी बदलणं हेसुद्धा डिस्कवर लिहिणंच आहे. पायथनवाल्यांना हाच एरर ‘ओएस एरर, एर्नो ३०’ असा दिसतो. कुणी परवानगीचा उपाय सांगितला की आधी क्रमांक बघायचा, एवढी सवय लावून घ्या, तासन्‌तास वाचतात.

लॅम्डा असं करते त्याला कारण आहे. तुम्ही चढवलेलं पॅकेज ‘व्हार’मधल्या ‘टास्क’ या फोल्डरात दिसतं, लेअर (वेगळे जोडलेले लायब्ररींचे गठ्ठे) असतील तर ते ‘ऑप्ट’मध्ये. सौदे संपले आणि एकदम चाळीस पट्ट्या निघाल्या, तर लॅम्डा तेच पॅकेज घेऊन चाळीस वेगवेगळ्या एन्व्हायर्नमेंट, म्हणजे कोड चालवायच्या स्वतंत्र जागा, उभ्या करू शकते. नेहमीच्या लॅम्डात एक एन्व्हायर्नमेंट एका वेळी एकच कॉल घेते. त्यातल्या एकीने स्वतःच्या कोडच्या फोल्डरात काही बदललं असतं, तर ती बाकीच्या एकोणचाळीसांपेक्षा वेगळी वागली असती आणि ते कुणाला कळलंही नसतं. कोड कुलूपबंद ठेवल्यामुळे सगळ्या प्रती सारख्या राहतात. आपल्या जुन्या सर्व्हरवर कोड आणि लॉग एकाच फोल्डरात सुखाने नांदायचे, म्हणून ही अट आपल्याला अन्यायाची वाटते.

आता एरर कधी येतो ते बघा, कारण लॉगर नेमका कोणत्या क्षणी पडतो त्यावर पुढचं सगळं ठरतं. विन्स्टनचा फाइल ट्रान्सपोर्ट तयार होतानाच फोल्डर आहे का बघतो आणि नसेल तर करतो. तुमचा लॉगर फाइलच्या सुरुवातीला, हँडलरच्या, म्हणजे प्रत्येक कॉलला चालणाऱ्या मुख्य फंक्शनच्या, बाहेर तयार होतो. म्हणजे हा एरर कोड लोड होतानाच येतो. हँडलरमध्ये तुम्ही कितीही काळजीपूर्वक ट्राय-कॅच (चूक पकडणारा भाग) लावलेला असो, तिथपर्यंत गाडी पोचतच नाही. सुरुवात फसली की लॅम्डा पहिल्या कॉलच्या वेळी ती पुन्हा करून बघते, म्हणून तोच एरर लागोपाठ दोनदा दिसतो, आणि पुढे एपीआय गेटवे (बाहेरची विनंती फंक्शनकडे नेणारी सेवा) असेल तर बाहेरच्या माणसाला फक्त ‘इंटर्नल सर्व्हर एरर’ एवढंच मिळतं.

पायथनच्या लॉगिंगमधला फाइल हँडलरही (इथे हँडलर म्हणजे लॉग लिहिणारा भाग) तयार होतानाच फाइल उघडतो. त्याला ‘डिले’ नावाचा पर्याय आहे आणि तो खरा केला की एरर गेल्यासारखा वाटतो. तो गेलेला नसतो. फाइल उघडणं पहिल्या ओळीपर्यंत लांबतं एवढंच. पीएचपीतला मोनोलॉग हा लॉगर मुळातच असा उशिरा उघडणारा आहे.

उशिरा पडणारा लॉगर जास्त घातक. हे मी अनुभवाने सांगतोय.

तासगाव तालुक्यातल्या एका बेदाणा शीतगृहासाठी आम्ही तापमानाचा इशारा देणारी व्यवस्था केली होती. दर पाच मिनिटांनी प्रत्येक खोलीचं तापमान यायचं. ४ अंशांच्या आसपास ठेवलेली खोली ८ च्या वर गेली की व्यवस्थापकाला एसएमएस. लॅम्डावर लाराव्हेल होतं (पीएचपीचं फ्रेमवर्क, लॉगसाठी मोनोलॉगच वापरतं), लॉग रोजच्या फाइलमध्ये जायचे. जानेवारीत चालू केलं. काही चुकलं तरच लॉगची ओळ लिहायची असा कोड असल्यामुळे एप्रिलपर्यंत एकही ओळ लिहायची वेळ आली नाही, आणि त्यामुळे रीड-ओन्ली डिस्कशी गाठही पडली नाही. आम्हाला वाटलं, झकास चाललंय.

एप्रिलमधल्या एका रात्री कॉम्प्रेसर ट्रिप झाला. खोली तापायला लागली, फंक्शनने एसएमएस पाठवायला घेतला, आणि एसएमएस सेवेने ४०१, म्हणजे ‘ओळख पटत नाही’ असा नकार, दिला, कारण आम्ही टोकनची (ओळखीच्या किल्लीची) मुदत वाढवायला विसरलो होतो. कोडने तो ४०१ लॉग करायला घेतला. लॉगची फाइल उघडेना. मोनोलॉगने स्वतःचं एक्सेप्शन फेकलं आणि ४०१ त्याच्याखाली गाडला गेला. असिंक्रोनस, म्हणजे उत्तराची वाट न बघणारा, कॉल फसला तर लॅम्डा तो आणखी दोनदा करून बघते, म्हणून प्रत्येक इशारा तीन-तीनदा फसत राहिला. शेवटी खोलीबाहेरच्या डिस्प्लेवर ११ दिसलं म्हणून राखणदाराने फोन केला.

पावणेदोन वाजता मी लॅपटॉप उघडला. पडद्यावर एकच ओळ वरपासून खालपर्यंत: लॉगची फाइल अपेंड मोडमध्ये उघडता आली नाही, रीड-ओन्ली फाइल सिस्टिम. जे दिसतंय तेच कारण, असं धरून मी पाऊण तास स्टोरेजचे पाथ बदलत बसलो. ते दुरुस्त झाल्यावर खालचा ४०१ वर आला. टोकन बदलायला चार मिनिटं लागली. माल वाचला तो त्या राखणदारामुळे. माझ्या व्यवस्थेने त्या रात्री काहीच केलं नव्हतं. मोनोलॉगच्या नव्या आवृत्त्यांत मूळ संदेश त्या एक्सेप्शनला जोडलेला येतो, तेव्हाची आमची आवृत्ती जुनी होती. पण शीतगृहात लोकांचा वर्षभराचा माल असतो, आणि लायब्ररीच्या आवृत्तीवर तो सोडून चालत नाही.

आता टीएमपीबद्दल, कारण तुम्ही आत्ता तिथे आहात. लॅम्डात लिहिता येणारी जागा तेवढीच. मुळात ५१२ एमबी मिळते, आणि २०२२ पासून ती १०,२४० एमबीपर्यंत वाढवता येते. म्हणून लोक सर्रास सांगतात, लॉग टीएमपीत टाका. हरिपूरची पेवं तुम्हाला माहीत असतील. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खड्डे घेऊन व्यापारी त्यांत हळद ठेवायचे, ती वर्षानुवर्षं टिकायची. लॉग म्हटलं की आपल्या डोक्यात असंच पेव असतं: आत्ता टाकू, लागेल तेव्हा उघडू. टीएमपी ही सौद्याच्या ओट्यावरची जागा आहे. सकाळी तुमची पोती तिथे लागतात, संध्याकाळी ओटा मोकळा. एन्व्हायर्नमेंट कधी बंद करायची ते लॅम्डा ठरवते, आणि ती बंद झाली की तिचा टीएमपी गेला. चाळीस एन्व्हायर्नमेंट असतील तर चाळीस टीएमपी, प्रत्येकात लॉगचा एकेक तुकडा. आत शिरून बघायला एसएसएचसारखं दारही नाही. तुमचे लॉग सापडत नाहीत ते यामुळेच. ते लिहिले गेले होते, आणि बहुतेक आत्तापर्यंत नाहीसेही झालेत.

उलट बाजूचा त्रासही आहे. एकच एन्व्हायर्नमेंट बराच वेळ तगली तर आधीच्या कॉलच्या फाइल तिथेच पडून राहतात. लॉग वाढत जातो, जागा संपते, आणि मग क्रमांक २८ चा एरर येतो, डिस्कवर जागा नाही म्हणून. तोही भर सौद्यात, कारण कॉल तेव्हाच जास्त असतात.

मग लॉग जायचे कुठे? कन्सोलवर, एवढंच. स्टँडर्ड आउटपुट किंवा स्टँडर्ड एररवर लिहिलेली प्रत्येक ओळ लॅम्डा स्वतः उचलून क्लाउडवॉचमध्ये, म्हणजे अमेझॉनच्या लॉग साठवणाऱ्या सेवेत, ठेवते. फंक्शनच्या नावाचा लॉग ग्रुप तयार होतो आणि सगळ्या एन्व्हायर्नमेंटच्या ओळी तिथे शोधता येतात. विन्स्टनमधला फाइल ट्रान्सपोर्ट काढा, कन्सोल ट्रान्सपोर्ट ठेवा. लाराव्हेलमध्ये लॉगचं चॅनेल ‘एसटीडी-एरर’ करा. पायथनमध्ये स्ट्रीम हँडलर.

हे केल्यावरही लॉग दिसत नाहीत, अशी तक्रार माझ्याकडे बरेचदा येते. पहिलं कारण, फंक्शनच्या रोलला (त्याला दिलेल्या हक्कांच्या संचाला) क्लाउडवॉचमध्ये लिहायचा हक्क नसतो. अमेझॉनची ‘लॅम्डा बेसिक एक्झिक्युशन रोल’ नावाची तयार पॉलिसी जोडली की तो मिळतो. ती नसेल तर फंक्शन चालतं पण लॉगच्या नावाने सामसूम, कुठला एररही नाही. दुसरं, तुम्ही अमेझॉनच्या वेबपानावर भलतंच रीजन (डेटा सेंटरचा विभाग) उघडून बसलेले असता. फंक्शन मुंबईत असेल तर लॉगही मुंबईतच दिसणार. तिसरं फक्त पायथनचं: लॅम्डा मुख्य लॉगरला आधीच एक हँडलर लावून ठेवते, त्यामुळे तुमचं ‘बेसिक कॉन्फिग’ गुपचूप काहीच करत नाही, आणि पातळी वॉर्निंगवर असल्यामुळे इन्फोच्या ओळी गळतात. पातळी स्वतः लावा, किंवा पायथन ३.८ पासून आलेला ‘फोर्स’ पर्याय वापरा.

ओळ कशी लिहायची याबद्दल माझा आग्रह आहे. एक घटना, एक ओळ, जेसनमध्ये, म्हणजे नाव आणि किंमत अशा खान्यांत. तिच्यात लॅम्डाचा रिक्वेस्ट आयडी आणि तुमच्या व्यवहाराची खूण हवी, तुमच्या बाबतीत पट्टीचा क्रमांक. शेतकरी दुकानात येऊन ‘माझी पट्टी आली नाही’ म्हणतो तेव्हा अडत्याच्या हातात पट्टीचा क्रमांक असतो. रिक्वेस्ट आयडी त्याला माहीत असायचं कारण नाही. विन्स्टनचा कन्सोल ट्रान्सपोर्ट थेट आउटपुटवर लिहितो, त्यामुळे साध्या कन्सोल लॉगला लॅम्डा आपोआप जो आयडी लावते तो इथे लागत नाही. तो तुम्हीच घाला. स्टॅक ट्रेस (चूक कोडच्या कोणत्या ओळींतून आली त्याची यादी) जेसनच्या एका खान्यात कोंबा, नाहीतर त्याच्या वीस ओळी वीस वेगळ्या नोंदी होऊन विखुरतात. शेतकऱ्याचा मोबाइल नंबर आणि बँक खातं लॉगमध्ये टाकू नका, शेवटचे चार आकडे पुरतात. आणि लॉग ग्रुप तयार झाला की लगेच मुदत लावा. न सांगता तो लॉग कायम ठेवतो आणि त्याचं बिल येत राहतं. आम्ही बहुतेक ठिकाणी ३० दिवस ठेवतो.

लॅपटॉपवर फाइल हवी असेल तर ती कॉन्फिगमधून मागा. मी आधी ‘लॅम्डावर आहोत का’ असं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघून फाइल किंवा कन्सोल ठरवायचो. ते सोडलं. न सांगितल्यास कन्सोल, आणि फाइल हवी असं स्पष्ट सांगितलं तरच फाइल, असा नियम आता आहे. म्हणजे उद्या तुम्ही दुसरीकडे कुठे गेलात तरी न सांगता काही पडत नाही.

आता मुख्य गोष्ट. कन्सोलवर आलात म्हणून लॉगर कधीच पडणार नाही असं नाही. त्याच्या पडण्याने पट्टी अडू नये, अशी रचना हवी. माझी पद्धत अशी: हँडलरच्या कॅचमध्ये पहिलंच काम म्हणजे मूळ एरर साध्या कन्सोल एररने छापणं. लॉगर नाही, फॉरमॅट नाही, काही नाही, फक्त छापायचा. त्यानंतर हवा तो सजवलेला लॉग, सेंट्री (चुका गोळा करणारी सेवा), टीमला मेसेज, आणि हे सगळं वेगळ्या ट्राय-कॅचमध्ये. त्या रात्री माझ्या कोडमध्ये ही एक ओळ असती तर ४०१ मला पहिल्या मिनिटाला दिसला असता.

नोडमध्ये आणखी एक बारकावा आहे. काही ट्रान्सपोर्ट तयार होताना फसतात, काही नंतर लिहिताना. नंतरचा एरर ‘एरर इव्हेंट’ म्हणून येतो, आणि तो ऐकणारं कुणी नसेल तर नोड अख्खी प्रोसेस बंद करतो. भोवतीच्या ट्राय-कॅचला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून फाइलचा किंवा नेटवर्कचा ट्रान्सपोर्ट वापरणारच असाल तर विन्स्टनच्या लॉगरच्या एरर इव्हेंटला ऐकणारा लावा आणि तिथे कन्सोलवर एक ओळ छापा. मोनोलॉगमध्ये यासाठी ‘व्हॉट फेल्युअर ग्रुप हँडलर’ आहे. त्याच्या आत ठेवलेला हँडलर पडला तरी तो एक्सेप्शन बाहेर जाऊ देत नाही. त्यात फक्त तेच हँडलर ठेवा जे गेले तरी चालेल, आणि शेजारी एसटीडी-एररचा एक असू द्या.

इथे एक अपवाद ठासून सांगतो, कारण तुमचं काम पैशांचं आहे. कुणाला किती रक्कम लागली, हमाली-तोलाई किती कापली, पट्टी कधी पाठवली, ही नोंद लॉगमध्ये टाकून मोकळे होऊ नका. ती रोजकीर्द आहे. तिची जागा डेटाबेसमध्ये, पट्टीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, आणि ती लिहिता आली नाही तर काम थांबायलाच हवं. लॉग हरवला तर आपली अर्धी रात्र जाते. रोजकीर्द हरवली तर शेतकरी आणि अडत्या यांच्यात वाद उभा राहतो, आणि तो आपल्याला मिटवता येत नाही.

सेंट्रीसारखी बाहेरची सेवा वापरत असाल तर गोठण्याचा मुद्दा येतो. फंक्शनने उत्तर दिलं की लॅम्डा एन्व्हायर्नमेंट जागच्या जागी गोठवते. पाठीमागे पाठवायला काढलेली एररची नोंद अर्ध्या वाटेत अडकते. पुढचा कॉल आला की एन्व्हायर्नमेंट जागी होते आणि ती नोंद तेव्हा निघते, किंवा कॉलच आला नाही तर कधीच नाही. सकाळी अकराचा एरर दुपारी तीनला दिसला की लोक घड्याळ तपासतात. कारण हे असतं. उत्तर देण्याआधी ‘फ्लश’ (साचलेल्या नोंदी पाठवून टाकणं) बोलवा आणि ते संपेपर्यंत थांबा, दोन सेकंदांची मर्यादा घालून. पीनो हा नोडचा दुसरा लॉगर वापरणाऱ्यांनी वेगळ्या थ्रेडमध्ये चालणारे ट्रान्सपोर्ट लॅम्डावर टाळावेत, तिथेही शेवटच्या ओळी अशाच अडकतात.

हे सगळं तुम्ही लॅम्डावर आहात असं धरून. दुसरीकडे असाल तर तपशील बदलतो. व्हर्सेलच्या फंक्शनमध्येही फाइल सिस्टिम रीड-ओन्ली आणि टीएमपी ५०० एमबीपर्यंत, म्हणजे जवळपास हेच. अझ्युअर फंक्शन पॅकेजमधून चालवलंत तर कोडचं फोल्डर रीड-ओन्ली होतं. गूगलच्या क्लाउड रनमध्ये मात्र फाइल लिहिता येते आणि एरर येत नाही, पण ती फाइल सिस्टिम मेमरीत असते. लॉगची फाइल जितकी वाढेल तितकी तुमची मेमरी खाते, आणि एक दिवस कंटेनर मेमरी संपून मरतो. त्यापेक्षा तोंडावर येणारा ईआरओएफएस मला परवडला. खरंच टिकणारी फाइल लागत असेल तर लॅम्डाला ईएफएस (अमेझॉनची नेटवर्कवरची डिस्क) जोडता येतं, पण त्यासाठी व्हीपीसी (खाजगी नेटवर्क) आली आणि तिचा व्याप आला. लॉगसाठी तो करू नका.

चढवण्याआधी हे घरीच पकडता येतं. डॉकरमध्ये (कोड बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणारं साधन) कंटेनर चालवताना रीड-ओन्ली हा पर्याय द्या आणि फक्त टीएमपीला टीएमपीएफएस (मेमरीतली तात्पुरती डिस्क) द्या. लॅम्डाच्या डिस्कची स्थिती तुमच्या लॅपटॉपवर आली. तुमचा मूळ कोड असा चालवलात तर तोच एरर पाच सेकंदांत समोर येईल. मग दुसरी पायरी, आणि ही चुकवू नका: हँडलरमध्ये मुद्दाम एक एरर फेका, त्यात ओळखू येईल असा मजकूर लिहा, आणि तोच मजकूर कन्सोलवर जसाच्या तसा दिसतो का बघा. दिसला नाही तर तुमचा लॉगर अजूनही काहीतरी झाकतोय. सगळं सुरळीत असतानाची चाचणी इथे उपयोगाची नाही, आमची जानेवारी ते एप्रिल सुरळीतच चालली होती. आता आमच्याकडे प्रत्येक फंक्शन चढण्याआधी या दोन गोष्टी होतात. सहकाऱ्यांपैकी कुणी घाईत असलं तरी मी त्याला सूट देत नाही.

तुमच्यासाठी आजचा क्रम असा धरा. फाइल ट्रान्सपोर्ट काढा, कॅचमध्ये पहिली ओळ कन्सोल एररची घाला, रोलची पॉलिसी तपासा, एक पट्टी पाठवा आणि क्लाउडवॉच उघडा. तिथे तुम्हाला आजवर न दिसलेला दुसरा एरर दिसेल. लॉगर सुरुवातीलाच पडत होता, म्हणजे टीएमपी करेपर्यंत तुमचा हँडलर लॅम्डावर एकदाही चाललेला नव्हता, आणि त्यानंतर चालला तेव्हा त्याचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नव्हतं.

माझा अंदाज पीडीएफवर आहे. पट्टी बनवणारी लायब्ररी फॉन्टचा कॅशे किंवा तात्पुरती फाइल कोडच्या शेजारीच लिहायला जात असेल, आणि पुन्हा तोच क्रमांक ३०. तिथे मात्र टीएमपी हेच बरोबर उत्तर: लायब्ररीला तिचं तात्पुरतं फोल्डर टीएमपीत दाखवा, पट्टी पाठवून झाली की फाइल पुसा. पीडीएफसाठी हेडलेस क्रोमियम (पडद्याविना चालणारा ब्राउझर) वापरत असाल तर देवनागरी फॉन्ट पॅकेजमध्ये स्वतः ठेवा, लॅम्डावर तो नसतो. नाहीतर पट्टी जाईल खरी, पण शेतकऱ्याच्या नावाच्या जागी रिकामे चौकोन दिसतील, आणि त्याची ओळ लॉगमध्ये येणार नाही. म्हणून पहिली पट्टी स्वतःच्या मोबाइलवर पाठवून उघडून बघा. क्लाउडवॉचमध्ये जो एरर दिसेल तो मजकुरासकट इथेच लिहा, पुढचं तिथून बघू.